हेरखात्यास कायदा का नको?



आर्वी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर या तालुक्यांतून अलीकडे धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे परदेशी हेरखात्याचा विषय मांडला, तर आपणांपैकी पुष्कळांच्या मनात पहिला विचार हाच येईल की, या गोष्टीशी आपला संबंध तो काय? आमच्यापुढे मुलांच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे, दाखल्यावरील धर्माच्या नोंदीचा प्रश्न आहे, विहाराच्या जागेचा प्रश्न आहे. दिल्लीतील बंद दाराआड काय चालते याची उठाठेव आम्ही कशास करावी? हा विचार रास्त आहे, आणि त्यास उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. उत्तर असे की, ज्या सत्तेची हद्द कायद्याने आखलेली नाही ती सत्ता प्रथम कोणाच्या दारात येऊन उभी राहते, हे आपल्या समाजास कोणी शिकवावयास नको. ती सावकाराच्या वाड्यात जात नाही. ती वस्तीत येते. आणि आपल्या देशात आज अशी एक फार मोठी सत्ता आहे की, जिची हद्द संसदेने आजवर आखलेलीच नाही.

भारत सरकारच्या परदेशी हेरखात्याचे नाव ‘रिसर्च अँड अॅनालिसिस विंग’ असे असून लोक त्यास ‘रॉ’ म्हणतात. त्याची स्थापना २१ सप्टेंबर १९६८ रोजी झाली. त्यापूर्वी देशातील आणि देशाबाहेरील अशी दोन्ही प्रकारची हेरगिरी इंटेलिजन्स ब्युरोकडेच होती. या ब्युरोचे मूळ इंग्रजांनी १८८७ साली उभारलेल्या गुप्त पोलीस शाखेत आहे. १९६२ साली चीनने आक्रमण केले आणि १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. दोन्ही वेळी शत्रूच्या हालचालींची माहिती पुरेशी मिळाली नाही, असा अनुभव आला. म्हणून इंदिरा गांधी यांनी बाहेरचे काम ब्युरोपासून अलग काढले आणि ते रामेश्वरनाथ काव यांच्या स्वाधीन केले. त्या समयी देशाचे गृहमंत्री महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण होते. त्यांच्या खात्याखालून हे काम निघाले आणि मंत्रिमंडळ सचिवालयात, म्हणजे वस्तुतः पंतप्रधानांच्या हाताखाली, जाऊन बसले. हा सारा पालट सरकारी आदेशाने झाला. त्यासाठी संसदेपुढे विधेयक आले नाही, चर्चा झाली नाही, मतदान झाले नाही. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी या खात्यास जन्म देणारा, त्याचे अधिकार सांगणारा आणि त्यास जाब विचारणारा असा एकही कायदा झालेला नाही.

येथे एक गैरसमज प्रथमच दूर केला पाहिजे. राष्ट्रास हेरखाते नसावे, असे मी म्हणत नाही. १९७१ साली बांगलादेश मुक्त झाला, त्यात मुक्तिबाहिनीस जे साहाय्य मिळाले त्यामागे या खात्याचे परिश्रम होते. १९९९ साली कारगिलच्या युद्धात पाकिस्तानचे सेनाप्रमुख मुशर्रफ आणि त्यांचे सहकारी यांचे दूरध्वनीवरील संभाषण पकडले गेले आणि जगापुढे पाकिस्तानचे सोंग उघडे पडले. त्याच कारगिलची आगाऊ सूचना मात्र मिळाली नव्हती, आणि के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने त्याबद्दल गुप्तचर यंत्रणेतील उणिवा स्पष्ट शब्दांत दाखविल्या. यश आणि अपयश दोन्ही आहे. शेजारी राष्ट्रे आपापले हेर पाठवीत असतां आपण डोळे मिटून बसावे, असे भगवान बुद्धांनीही कोणत्या राजास सांगितले नाही.

गुप्तता ही काय वस्तू आहे, हे वर्धा जिल्ह्याच्या लोकांस निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुलगावचा दारूगोळ्याचा मध्यवर्ती डेपो आपल्याच जिल्ह्यात आहे. त्याच्या तारेच्या कुंपणाबाहेर ज्यांची शेते आहेत त्यांनी आत तोफगोळे किती आणि ते कोठे, हे कधी विचारले नाही, विचारूही नये. परंतु ३१ मे २०१६ च्या पहाटे त्या डेपोत आग लागून अधिकारी, जवान व अग्निशामक दलाचे कर्मचारी मिळून १९ जण प्राणास मुकले, आणि आसपासच्या गावांतील लोकांना रात्रीच घरे सोडून पळावे लागले. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव (आबाजी) जवळील मैदानात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन ६ माणसे मेली, त्यांत ठेकेदाराने आणलेले मजूर होते. तेव्हा लोकांनी विचारले की, हे काम अशा मजुरांकडून कोणी करविले, त्यांच्या रक्षणाची काय व्यवस्था होती? हे विचारणारे लोक देशद्रोही नव्हते. गोळे किती हे गुपित राहू द्या. माणसे का मेली हे गुपित राहता कामा नये. हेरखात्याविषयी आमचे म्हणणे याहून निराळे नाही.

आता या गुपितांची किंमत आपल्याच लोकांनी कशी चुकविली, त्याचा एक दाखला पाहा. श्रीलंका हा बौद्धांचा देश. १९५० साली बाबासाहेब तेथे जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते आणि तेथील बौद्ध जीवन त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्या देशातील तामिळ जनतेवर अन्याय झाला, १९८३ साली त्यांच्या भीषण कत्तली झाल्या, आणि त्या कत्तली करणारांत स्वतःस बौद्ध म्हणविणारे लोक होते, ही गोष्ट आपण लपवू नये. परंतु त्यानंतर दिल्लीने काय केले? तामिळ सशस्त्र गटांना भारताच्या भूमीवर लष्करी शिक्षण दिले, शस्त्रे दिली. या कामात रॉचा हात होता, हे आज कोणी गंभीरपणे नाकारीत नाही. शिक्षण घेणाऱ्यांत लिट्टे ही संघटनाही होती. मग २९ जुलै १९८७ रोजी श्रीलंकेशी करार झाला, भारताची शांतिसेना तेथे उतरली, आणि दोन-तीन महिन्यांच्या आत त्याच लिट्टेशी आपल्या सैनिकांस लढावे लागले. १९९० साली सेना परत आली, तोवर १,१०० हून अधिक भारतीय जवान मारले गेले होते.

त्या सेनेत महार रेजिमेंट होती. ज्या रेजिमेंटसाठी बाबासाहेबांनी इंग्रज सरकारशी झुंज घेतली आणि जी १९४१ साली पुन्हा उभी राहिली, तीच ही रेजिमेंट. तिच्या ८ व्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या तुकडीवर २५ नोव्हेंबर १९८७ रोजी दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागली असतांही ते लढत राहिले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. महार रेजिमेंटला मिळालेले हे परमवीर चक्र आपल्या घराघरांत अभिमानाने सांगितले जाते, आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु वाचकहो, ज्या संघटनेच्या गोळीने हा वीर पडला तिला शस्त्र चालविण्याचे धडे कोणी आणि कोणाच्या आज्ञेने दिले, हा प्रश्न आपण कितीदा विचारला? ते धडे द्यावेत की नाही, यावर संसदेत एकदाही मतदान झाले नव्हते. धोरण चुकले असेल, बरोबरही असेल. परंतु ते ठरविले बंद दाराआड आणि त्याचे प्रायश्चित्त घेतले उघड्या रानातील शिपायाने. पुढे २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी यांचाही बळी त्याच संघटनेने घेतला.

कायदा नाही म्हणजे नेमके काय नाही? या खात्याचा खर्च संसदेपुढे त्याच्या नावाने वेगळा मांडला जात नाही. माहितीचा अधिकार हा जो कायदा २००५ साली झाला, त्याच्या २४ व्या कलमाने आणि दुसऱ्या अनुसूचीने या खात्यास वगळले आहे. केवळ भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंग या आरोपांपुरती एक बारीकशी फट ठेविली आहे. संसदेची कोणतीही समिती या खात्याच्या प्रमुखास नियमाने बोलावून जाब विचारू शकत नाही. आणि याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. १९८० साली या खात्यातील कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी संघटना करून संप केला. तेव्हा मात्र सरकारला कायद्याची आठवण झाली! १९८४ साली घटनेच्या ३३ व्या कलमात दुरुस्ती करण्यात आली आणि १९८५ साली गुप्तचर संघटनांतील नोकरांच्या संघटना-स्वातंत्र्यावर बंधने घालणारा कायदा संमत झाला. म्हणजे खात्यातील कारकुनाने काय करू नये, हे संसदेने लिहून ठेविले. परंतु खात्याने नागरिकाच्या बाबतीत काय करू नये, हे लिहिण्यास तिला आजवर सवड झाली नाही.

आतील स्त्रियांची स्थितीही पाहण्यासारखी आहे. या खात्यातील एका महिला अधिकाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार केली; तक्रारीची हाताळणी नीट झाली नाही, आणि तिलाच सक्तीने निवृत्त करण्यात आले. २४ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीचा आदेश कायम ठेविला, परंतु तक्रार हाताळताना तिच्या प्रतिष्ठेने जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग झाला असे ठरवून १ लाख रुपये भरपाई देवविली.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो? ब्रिटनचे परदेशी हेरखाते दशकानुदशके असेच कायद्यावाचून चालत होते. १९९४ साली तेथील पार्लमेंटने त्याचा कायदा केला आणि देखरेखीसाठी समिती नेमली. त्यामुळे ब्रिटनचे राज्य बुडाले नाही. अमेरिकेत सी.आय.ए.ला १९४७ पासूनच कायदा होता, आणि देशांतर्गत पोलिसी काम तिने करू नये असे त्यात बजावलेले होते. तरीदेखील व्हिएतनाम युद्धास विरोध करणाऱ्या स्वदेशीय नागरिकांवर तिने पाळत ठेविली. तेथील अंतर्गत तपास खाते जे एफ.बी.आय., त्याने तर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खासगी जीवनात नाक खुपसून त्यांना निनावी पत्र धाडले. या दोन्ही गोष्टींची चौकशी सिनेटच्या चर्च समितीने केली. नीग्रो समाजाच्या नेत्यावर पाळत ठेवताना राष्ट्राची सुरक्षितता हेच कारण सांगितले गेले होते, हे आपण ध्यानात ठेवावे. कायदा असूनही असे घडते, मग कायदा नसेल तर काय होईल? फरक इतकाच की, कायदा होता म्हणून तेथे त्याचा भंग झाला असे म्हणता आले. आमच्याकडे भंग होण्यास मुळात कायदाच नाही. आणीबाणीच्या काळात या खात्याचा उपयोग देशातील विरोधकांविरुद्ध झाला, असा संशय १९७७ साली आलेल्या मोरारजी देसाई सरकारला होता. त्यांनी काय केले? खात्याची काटछाट केली. कायदा त्यांनीही केला नाही. २०११ साली मनीष तिवारी या खासदाराने गुप्तचर संघटनांसाठी एक खासगी विधेयक लोकसभेत आणले, परंतु ते कायद्याच्या पदवीस पोहोचले नाही.

या प्रश्नावर बाबासाहेबांचा विचार काय होता? हे कोणा भक्ताच्या कल्पनेवर सोडण्याची गरज नाही, कारण तो घटना समितीच्या कामकाजात छापलेला आहे. २९ ऑगस्ट १९४९ रोजी केंद्राच्या अधिकारांच्या सूचीत गुप्तवार्ता आणि अन्वेषण यांचा मध्यवर्ती ब्युरो ही नोंद घालण्याचा विषय निघाला. आज घटनेच्या सातव्या अनुसूचीतील पहिल्या सूचीत ती ८ व्या क्रमांकावर आहे. अन्वेषण हा शब्द पाहून काही सभासदांनी शंका काढली की, यामुळे केंद्राच्या हाती प्रांतांच्या पोलिसांचे अधिकार जातील. बाबासाहेबांनी खुलासा केला तो असा: या ब्युरोने देशभरातील गुन्ह्यांची माहिती गोळा करावी, ती खरी की खोटी हे पडताळून पाहावे आणि प्रांतिक सरकारांस कळवावी, अटक करणे वगैरे पोलिसांचे अधिकार या नोंदीने त्यास मिळत नाहीत. केवढी सूक्ष्म रेघ ही! माहिती जमविणारा वेगळा आणि माणसाला हात लावणारा वेगळा. शिवाय माहिती जमविणाऱ्यावरदेखील ती पडताळून पाहण्याचे कर्तव्य आहे. आणि ही नोंद घालण्याचा अर्थच हा की, या विषयावर संसदेने कायदा करावा. घटनाकारांनी दार करून ठेविले. संसद आजवर त्या दारातून आत गेली नाही.

बाबासाहेबांनी ही रेघ केवळ पुस्तकी विचाराने ओढली असेल काय? त्यांच्या स्वतःच्या सभांना इंग्रजांचे गुप्त पोलीस हजर राहत, कोण काय बोलले ते टिपून घेत आणि वर कळवीत. त्या टिपणांतील बराच भाग महाराष्ट्र सरकारने १९८२ साली बाबासाहेबांच्या चळवळीच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात छापला आहे. विहाराच्या ग्रंथालयात तो खंड असेल तर अवश्य चाळावा. आज आपण त्या नोंदी इतिहास म्हणून वाचतो. ज्या दिवशी त्या लिहिल्या गेल्या त्या दिवशी त्या एका संशयिताच्या नोंदी होत्या.

स्वराज्यात ही स्थिती पालटली काय? आपल्याच जिल्ह्यातील घटना घ्या. ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादक सुधीर ढवळे हे वर्ध्यातील साहित्य संमेलनात भाषण करून परत निघाले असतां २ जानेवारी २०११ रोजी वर्ध्याच्या रेल्वे स्थानकावर त्यांना अटक झाली. राजद्रोहाचे कलम लागले, बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा लागला, घरातील पुस्तके पुरावा म्हणून जप्त झाली. सुमारे ४० महिने तुरुंगात काढल्यावर मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. जून २०१८ मध्ये त्यांना एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुन्हा अटक झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला तो खटला इतकी वर्षे उभाच राहिला नाही म्हणून. त्यांच्या मतांशी आपण सहमत असले पाहिजे असे नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हिंसेचा मार्ग आपला नव्हे हे स्पष्ट सांगितले आहे, आणि मीही त्याच मताचा आहे. परंतु मत पटत नाही म्हणून माणसाची साडेसहा वर्षे खटल्यावाचून तुरुंगात जावीत, हे कोणत्या धम्मात बसते?

ही अटक रॉने केली नव्हती; ती राज्याच्या पोलिसांनी केली. हा भेद मी मुद्दाम सांगतो, कारण सर्व गुप्तचरांना एकाच काठीने हाकणे हे अज्ञानाचे लक्षण आहे. बाहेर पाहणारे खाते वेगळे, आत पाहणारे वेगळे, पकडणारे पोलीस वेगळे. परंतु या तिघांमधील भिंतीच नागरिकाचे रक्षण करतात, आणि त्या भिंतीच खचू लागल्या आहेत. २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहखात्याने एक आदेश काढून १० यंत्रणांना कोणत्याही संगणकातील माहिती पाहण्याचे, अडविण्याचे व उलगडण्याचे अधिकार दिले. त्या दहांत इंटेलिजन्स ब्युरो आहे, मध्यवर्ती अन्वेषण खाते आहे, आणि मंत्रिमंडळ सचिवालयातील रॉसुद्धा आहे. जे खाते परराष्ट्रांसाठी निर्माण झाले त्यास स्वदेशीयांच्या संगणकाकडे पाहण्याची ही परवाना-चिठ्ठी मिळाली, आणि तीदेखील आदेशानेच.

त्याच सुमारास पेगॅसस हे नाव लोकांच्या कानी आले. इस्रायलच्या एन.एस.ओ. या कंपनीची ही हेरगिरीची आज्ञावली मोबाइलमध्ये शिरली की, धन्याच्या नकळत त्यातील पत्रे, बोलणे, सारे दुसऱ्यास दिसू लागते. आपण हा माल केवळ सरकारांनाच विकतो, असे ती कंपनी स्वतः सांगते. २०१९ साली व्हॉट्सअॅपने ज्या भारतीयांना सावधगिरीचा इशारा दिला, त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडे होते आणि नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. एक आंबेडकरी विचारवंत, दुसरा आरोपींची बाजू मांडणारा वकील. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली चौकशी समिती नेमली. समितीकडे २९ मोबाइल आले. त्यांपैकी ५ मध्ये काही घातक आज्ञावली आढळली, परंतु ती पेगॅससच होती असे ठरले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही असे समितीने नमूद केले. कोणत्या खात्याने हा माल घेतला की घेतलाच नाही, याचे सरळ उत्तर सरकारने दिलेले नाही. उत्तर न देता येते, कारण उत्तर द्यावयास लावणारा कायदा नाही. याच प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून कागद घुसविले गेले, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेस तो मान्य नाही. निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. परंतु पाहणारा डोळा लिहिणारा हातही होऊ शकतो, ही शंका एकदा उत्पन्न झाली म्हणजे माहिती पडताळून पाहण्याविषयी बाबासाहेब १९४९ साली काय म्हणाले होते, ते पुन्हा वाचावेसे वाटते. केसपुत्ताच्या कालामांस भगवंतांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असे सांगितले. गुप्त अहवाल म्हणजे शिक्का मारलेली ऐकीव गोष्टच नव्हे काय? ती पुराव्याच्या कसास लागेपर्यंत तिच्यावर कोणाचे आयुष्य तोलता येत नाही.

आणि हे तत्त्व भारत सरकारला ठाऊक नाही असे नव्हे. ते त्याने साऱ्या जगापुढे मांडले आहे. कुलभूषण जाधव हे नौदलातील माजी अधिकारी, आपले मराठी बांधव. मार्च २०१६ मध्ये ते पाकिस्तानच्या हाती सापडले. पाकिस्तान म्हणते, ते रॉचे हेर. भारत म्हणतो, ते निवृत्तीनंतर इराणात व्यापार करीत होते आणि तेथून त्यांना पळविले. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने बंद दाराआड त्यांना फाशीची शिक्षा सुनावल्याचे जाहीर झाले. डिसेंबरात त्यांची आई व पत्नी इस्लामाबादेस गेल्या, तेव्हा मायलेकरांच्या मध्ये काच होती. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तेथे नागपुरात वाढलेले हरीश साळवे यांनी १ रुपया मानधन घेऊन भारताची बाजू मांडली. ती बाजू काय होती? हेरगिरीचा आरोप आहे म्हणून माणसाचे हक्क संपत नाहीत. त्याला आपल्या देशाच्या वकिलातीशी बोलता आले पाहिजे, त्याला वकील मिळाला पाहिजे, गुप्त न्यायालयाचा निवाडा हा निवाडा नव्हे. १७ जुलै २०१९ रोजी १६ पैकी १५ न्यायाधीशांनी पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला असे ठरविले आणि शिक्षेचा फेरविचार करण्यास सांगितले.

त्या दिवशी प्रत्येक भारतीयाप्रमाणे मलाही समाधान वाटले. परंतु हेगमध्ये जो न्याय आपण मागितला, तोच नागपूरच्या तुरुंगातील कैद्याने मागितला तर त्यास देशद्रोही का म्हणावे? परक्या मुलखात आपल्या माणसासाठी कायद्याचे छत्र मागावयाचे आणि स्वदेशात त्याच छत्राच्या काड्या मोडावयाच्या, हा दुटप्पीपणा आहे. जाधव यांच्या मातेचे दुःख आणि खटल्यावाचून खितपत पडलेल्याच्या मातेचे दुःख यांत मला तरी फरक करता येत नाही.

येथे कोणी तरुण विचारील की, बौद्धाने या खात्यात नोकरी करावी काय? मृषावादापासून विरत राहण्याचे शील घेतलेल्या माणसाने खोटे नाव धारण करून जगणे कसे जमावे? प्रश्न नाजूक आहे, आणि त्याचा निकाल ज्याने त्याने आपल्या विवेकाने करावा. मी इतकेच म्हणेन की, माहिती वाचून तिचा खरेखोटेपणा ठरविणे, परभाषा शिकून त्यांतील कागद लावणे, ही कामे शीलास बाधा आणीत नाहीत, आणि तेथे आपली हुशार मुले-मुली असावीत. कौटिल्याचे अर्थशास्त्र हेरांना तापसाचा आणि संन्याशाचा वेष देऊन पाठविण्यास सांगते, आणि तेच अर्थशास्त्र देव-पितरांच्या कार्यात शाक्य भिक्षूंना जेवू घालणाऱ्यास १०० पण दंड ठोठावते. म्हणजे संन्याशाचे वस्त्र हेराला चालते, परंतु खऱ्या भिक्षूच्या पात्रात पडलेला घास चालत नाही! अशा परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांच्याच हाती सारी गुपिते असावीत, हे मला पटत नाही. खात्यात प्रवेश कोणत्या वाटेने होतो, राखीव जागांचा नियम तेथे कितपत पाळला जातो, याचा आकडा संसदेपुढे ठेवण्यास कोणत्या शत्रूचे फावणार आहे?

वर्धा लोकसभा मतदारसंघात आपली मते थोडी नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार विहाराच्या पायरीशी येतात, पंचशील ध्वजाखाली छायाचित्र काढून घेतात आणि निळा दुपट्टा गळ्यात घालून जातात. त्यांना पाणी द्यावे, आसन द्यावे आणि विचारावे की, परदेशी हेरखात्याचा कायदा आपण संसदेत मागणार काय? त्या खात्याने देशातील नागरिकांवर पाळत ठेवू नये, ठेवावयाची झाल्यास न्यायाधीशाची लेखी अनुज्ञा घ्यावी, आणि दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षांसह एका समितीने त्याचा हिशेब पाहावा, या गोष्टी त्या कायद्यात असाव्यात असे आपण म्हणाल काय? आपल्या विद्यमान खासदारांसही हेच प्रश्न पत्राने विचारता येतील. पत्र साध्या मराठीत असावे, त्यावर गावातील स्त्री-पुरुषांच्या सह्या असाव्यात, आणि त्याची एक प्रत विहाराच्या नोंदवहीत तारखेसह चिकटवून ठेवावी. उत्तर आल्यास तेही शेजारी चिकटवावे. न आल्यास ती जागा तशीच कोरी सोडावी आणि पुढच्या निवडणुकीत ते पान उघडून उमेदवारापुढे धरावे.

जयभीम.